कवड्या की मण्यारीचे पिल्लू? हात न लावता, फोटोवरून ओळख पक्की कशी करावी

दगडफूल (प्रश्न)

रात्रीच्या सापांच्या नोंदींसाठी ओळखतक्ता तयार होत आहे. त्यात आलेल्या एका नोंदीवर गाडी अडली आहे: साप बिनविषारी कवड्या की विषारी मण्यार? तीन फोटो आहेत. सापाला कोणी हात लावलेला नाही, फोटो झाल्यावर तो खडकाच्या फटीत निघून गेला. फोटोत दिसते ते असे:

दख्खनच्या पठारावरचा खडकाळ माळ, पावसाळ्याची सुरुवात, रात्रीचे साडेनऊ, साप जमिनीवर. लांबी अंदाजे ३० सेंमी, जाडी करंगळीहून कमी. रंग काळा, चकचकीत. अंगावर पांढरे आडवे पट्टे. पुढच्या भागात पट्टे लांब लांब, शेपटीकडे जवळ जवळ. डोळा पूर्ण काळा, बाहुली दिसत नाही. डोके मानेहून किंचितच रुंद.

बहुतेक तक्त्यांत नियम असतो तो असा: पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत गेले तर कवड्या, उलट असेल तर मण्यार. या नियमाने ही मण्यार ठरते. पण पट्टे जोडीजोडीने नाहीत आणि पहिला पट्टा मानेच्या लगेच मागे आहे, म्हणून शंका.

फोटोत आणखी काय पाहावे? आणि तक्त्यात कोणत्या खुणा ठेवाव्यात, कोणत्या काढून टाकाव्यात?

---

बांधावरचा

ओळख पटेपर्यंत मण्यार समजूनच वागायचे, हे आधी. अंड्यातून नुकतेच आलेले मण्यारीचे पिल्लू वीतभर किंवा थोडे जास्त असते आणि पावसाळ्याच्या तोंडाशीच दिसू लागते. मोठ्या मण्यारीत मानेमागचा भाग बराचसा कोरा असतो किंवा तिथे नुसते ठिपके असतात. पिल्लात मात्र पट्टे पार मानेजवळ येतात. त्यामुळे पहिला पट्टा मानेमागे आहे म्हणून कवड्या, असे म्हणता येत नाही. लांबी आणि महिना दोन्ही पिल्लाला जुळतात.

---

निशाचर

बांधावरचा यांच्या सावधगिरीशी सहमत, पण ओळख अजून खुली आहे. तक्त्यातला पट्ट्यांचा नियम नेहमीच्या कवड्यापुरता, म्हणजे लायकोडॉन ऑलिकसपुरता बरा चालतो. त्याचा रंग तपकिरी, कॉफीसारखा, कधी जवळजवळ काळा. पट्टे पांढरे किंवा पिवळसर, साधारण १२ ते १९. मानेवरचा पहिला पट्टा रुंद आणि प्रत्येक पट्टा कुशीवर उतरताना दुभंगून त्रिकोणी होतो. शेपटीकडे पट्टे विरत जातात. काही मोठ्या कवड्यांवर पट्टे उरतच नाहीत, आणि मग नियम लावायलाच जागा राहत नाही.

मण्यारीचे पट्टे अगदी अरुंद, बहुधा जोडीने, शेपटीकडे ठळक. अंग निळसर झाक असलेले काळे. कात टाकायच्या आधी मात्र तीच मण्यार राखाडी, मळकट दिसते आणि डोळे दुधाळ होतात. अशा वेळी रंगावर जाऊ नये.

खरी गफलत तिसऱ्याच सापामुळे होते. पट्टेरी कवड्या, लायकोडॉन स्ट्रायटस. रंग काळा किंवा गडद तपकिरी, पट्टे पांढरे, पुढे लांब लांब आणि मागे दाट. अंगात विष नाही, पण नक्षी मण्यारीची. तक्त्यातला नियम या सापाला दर वेळी मण्यार ठरवणार. लांबी सहसा ४० सेंमीच्या आतबाहेर, खडकाळ कोरडे माळ आवडते. तुमचे वर्णन वाचून पहिला संशय याच्यावर जातो. संशयावर नोंद होत नाही, त्यासाठी खवले पाहावे लागतील. या क्रमाने पाहा.

पाठीचा कणा. पाठीच्या बरोबर मधून जाणारी खवल्यांची ओळ शोधा. मण्यारीत ही ओळ शेजारच्या ओळींहून स्पष्ट मोठी, षटकोनी असते, खवल्याची रुंदी लांबीइतकी किंवा जास्तही. कवड्यांत मधली ओळ बाकीच्यांसारखीच. वरून काढलेल्या बऱ्या फोटोत हे दिसतेच. एक पथ्य: मधली ओळ मोठी म्हणजे मण्यारच, असे नाही. मांजऱ्या आणि रुका सर्पातही ती मोठी असते. उलट बाजूने मात्र खूण पक्की आहे. पट्टे असलेल्या काळ्या सापात मधली ओळ बाकीच्यांइतकीच असेल तर तो मण्यार नव्हे.

चेहऱ्याची बाजू. नाकपुडीचा खवला आणि डोळ्याला पुढून चिकटलेला खवला, या दोघांच्या मध्ये आणखी एक खवला आहे का ते बघा. त्याला लोरियल म्हणतात. नाग, मण्यार, पोवळा या कुळात लोरियल नसतोच, नाकाचा खवला थेट डोळ्यापुढच्या खवल्याला भिडतो. कवड्यांत लोरियल असतो आणि चांगला लांबट असतो. लोरियल दिसला की मण्यारीचा विषय संपला. नाही दिसला तर घाई नको, फोटो धूसर असू शकतो. खापरखवल्यासारख्या बिनविषारी सापांतही लोरियल नसतो.

वरचा ओठ. ओठाच्या कडेचे खवले एका बाजूने मोजा. मण्यारीत ७, त्यातले तिसरा-चौथा डोळ्याला लागतात. नेहमीच्या कवड्यात बहुधा ९, पट्टेरी कवड्यात ८, आणि दोघांतही तिसरा-चौथा-पाचवा डोळ्याला लागतात. एकूण आकड्यात एकाचा फरक कधी कधी पडतो, म्हणून डोळ्याला किती लागतात हे मला जास्त भरवशाचे वाटते.

शेपटीखालचे खवले. मण्यारीत सलग, एकेरी. कवड्यांत दुहेरी, मधून नागमोडी रेघ गेल्यासारखे. जिवंत सापात हे दिसत नाही, अपवाद एकच: कवड्या खिडकीच्या काचेवर किंवा गुळगुळीत भिंतीच्या कडेवर चढला असेल तर काचेच्या दुसऱ्या बाजूने शेपटीचा तळ आयता मिळतो.

अंगावरच्या ओळी मोजण्याचा आग्रह तक्त्यातून काढा. साध्या मण्यारीत मध्यावर १५ ओळी आणि कवड्यांत १७ हे खरे, पण सिंध मण्यार या दुसऱ्या विषारी जातीतही १७ ओळी सापडतात. १७ म्हणून बिनविषारी, असे कोणी ठरवले तर ती चूक जिवावर बेतेल.

---

रातवा

डोळ्याच्या बाहुलीची खूणही काढून टाका. उभी बाहुली विषारी आणि गोल बिनविषारी, हे आपल्याकडे चालतच नाही. नाग, मण्यार यांची बाहुली गोल. मांडूळ आणि डुरक्या घोणस बिनविषारी, त्यांची उभी. कवड्याची बाहुलीही उभीच, पण डोळा इतका काळा की बाहुली आणि बुबुळ वेगळे दिसत नाहीत. मण्यारीचाही डोळा तसाच काळा. म्हणजे जिथे फरक हवा तिथेच ही खूण मुकी.

तीच गत 'भिंतीवर चढला म्हणजे कवड्या' या समजुतीची. कवड्या पालींच्या मागे भिंतींवर, छपरांवर जातो हे खरे. त्याच्या पोटाच्या खवल्यांना दोन्ही कडांना कोन असतो, तो चढताना उपयोगी पडतो. मण्यार बहुतेक वेळ जमिनीवरच, पण ती खाटेवर, अंथरुणात पोहोचल्याच्या घटना आहेत. वागणुकीचेही तेच. दिवसा सापडलेली मण्यार वेटोळ्यात डोके खुपसून गप्प पडते, रात्री तीच चपळ. कवड्याही घाबरला की डोके लपवतो, आणि दुसऱ्या क्षणी चावतो. वागणूक शेरा म्हणून लिहावी, ओळखीचा आधार म्हणून नको.

---

उजेड_कमी

निशाचर यांनी सांगितलेले सगळे दिसण्यासाठी फोटो तसा हवा. नोंदी बाद होतात त्या बहुतेक इथेच.

साप ३० सेंमी असला तर लोरियल जेमतेम मिलिमीटरभराचा. त्यामुळे अख्खा साप मावणारा एक फोटो पुरत नाही. चार हवेत: पूर्ण अंग, डोके वरून, डोके बाजूने, आणि पाठीचा मधला भाग. वेळ कमी असेल तर बाजूचे डोके आधी. मूळ फोटोत डोके किमान ३०० पिक्सेल लांब असावे, त्याहून कमी असेल तर खवल्यांच्या कडा हाती लागत नाहीत. संदेशांच्या अॅपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. मूळ फाइल मागवा.

अंतर दोन मीटरच्या आत नको. जवळ जायचे ते झूमने. फोनला वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती वापरा, नुसता डिजिटल झूम खवले पुसून टाकतो. फोनचा नाइट मोड बंद ठेवा. त्यात शटर जास्त वेळ उघडे राहते, साप जरा हलला की सगळे फरपटते, आणि वर फोन स्वतःच फोटोतले दाणे पुसायला जातो ती खवल्यांची रेघही पुसतो.

टॉर्च समोरून मारू नका. हे साप गुळगुळीत, चकचकीत. समोरचा उजेड परत येतो आणि नेमकी कण्यावरची ओळ पांढरी फटक होते. टॉर्च लेन्सपासून लांब, तिरका धरा. दुसऱ्या माणसाने बाजूने धरला तर उत्तम, तिरक्या उजेडात प्रत्येक खवल्याची कड उठून येते. एक्स्पोजर एक पायरी खाली, नाहीतर पांढरे पट्टे जळतात आणि त्यांची रुंदी फोटोत फुगते. रंगाबद्दलही सावध राहा. थंड पांढऱ्या टॉर्चखाली कवड्याचे पिवळसर पट्टे पांढरे शुभ्र वाटतात, पिवळ्या उजेडात काळी मण्यार तपकिरी दिसते. फोटोसोबत टॉर्चचा प्रकार लिहिलेला असेल तर तपासणाऱ्याचे निम्मे काम होते.

लांबीसाठी सापाशेजारी पेन, चप्पल, काठी ठेवायला जाऊ नये. साप गेल्यावर त्याच जागचा ओळखीचा दगड किंवा भेग मोजा आणि फोटोशी ताडून पाहा. अंदाजाने सांगितलेली लांबी बहुतेक वेळा जास्तच असते.

---

दगडफूल

मूळ फाइल मागवून पाहिली. दुसरा फोटो डाव्या बाजूने, तिरक्या उजेडात आहे. त्यात:

नाकाचा खवला आणि डोळ्यापुढचा खवला यांच्या मध्ये एक लांबट खवला स्पष्ट आहे. वरच्या ओठावर ८ खवले, तीन डोळ्याला लागलेले. ओठ पूर्ण पांढरा, त्यावर ठिपके नाहीत. पाठीवरची मधली ओळ शेजारच्यांइतकीच. कुशीवर पट्ट्यांच्या मधल्या जागेत बारीक पांढऱ्या रेघा, जाळीसारख्या. शेपटीचा तळ कुठल्याच फोटोत नाही.

---

निशाचर

मग मण्यार बाद. मधली ओळ साधी, लोरियल हजर, ओठावर तीन खवले डोळ्याला, या तिन्ही खुणा एकाच बाजूला आहेत. शेपटीचा तळ नसला तरी चालेल.

आता दोन कवड्यांतला फरक. ओठाचे खवले ८, ओठ कोरा पांढरा, पट्टे पुढे विरळ आणि मागे दाट, कुशीवर पांढऱ्या रेघा: हा पट्टेरी कवड्या. नेहमीच्या कवड्यात ओठावर बहुधा तपकिरी डाग असतात. अजून एक ताळा करून घ्या. डोके वरून घेतलेल्या फोटोत नाकपुड्यांच्या मागे, मुस्काटाच्या टोकाशी खवल्यांची एक छोटी जोडी दिसेल, तिच्यामागे मोठी जोडी. नेहमीच्या कवड्याचा लोरियल त्या छोट्या जोडीपर्यंत जाऊन भिडतो, पट्टेरीचा पोहोचत नाही. हे फोटोत मिळाले तर नोंद 'पक्की' लिहा. न मिळाल्यास 'पट्टेरी कवड्या, बहुधा' पुरे. मण्यार नाही एवढे मात्र निःशंक लिहा.

---

बांधावरचा

लोरियलवर माझे समाधान झाले. पिल्लू म्हणणे मागे घेतो.

तक्त्यासाठी एक सुचवतो. पट्टे हा रकाना पूर्ण काढू नका, फक्त त्यावरून निकाल देऊ नका. पट्टा किती खवले रुंद, जोडीने की एकेक, कुशीवर दुभंगतो का, हे वेगवेगळे लिहून घ्या. आणि शेवटचा पर्याय 'ओळख पटली नाही' असा ठळक ठेवा. तो नसला की लोक सर्वांत जवळची जात निवडून मोकळे होतात.

---

रातवा

तक्त्यात इतर जोड्याही येणार असतील तर थोडक्यात.

कुकरी साप मण्यार म्हणून सर्रास मारला जातो. त्याचे पट्टे काळे, अंग तपकिरी, म्हणजे मण्यारीच्या नेमके उलटे. डोक्यावर बाणासारख्या काळ्या खुणा.

मांजऱ्या आणि फुरसे: दोघांचेही डोके मानेहून बरेच रुंद, दोघांच्या अंगावर नागमोडी नक्षी. मांजऱ्याचे खवले गुळगुळीत, डोक्यावर मोठे खवले, अंग लांब आणि सडपातळ. फुरशाच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध उभा कंगोरा, त्यामुळे अंग खरखरीत आणि निस्तेज. डोक्यावर बारीक खवले आणि बहुधा बाणाची खूण. डिवचले की ते अंगाच्या कड्या एकमेकींवर घासून करवतीसारखा आवाज काढते. मांजऱ्या निमविषारी आहे, तो बिनविषारीच्या रकान्यात नको.

डुरक्या घोणस आणि घोणस: डुरक्याचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले, शेपटी आखूड आणि बोथट. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन ओळी, डोके त्रिकोणी, आणि मोठा फूत्कार. इथेही डुरक्याच्या शेपटीखालचे खवले एकेरीच असतात, म्हणून 'एकेरी म्हणजे विषारी' असा नियम करू नका. तो फक्त कवड्या-मण्यार जोडीपुरता.

विदर्भाच्या पूर्वेकडच्या नोंदी येणार असतील तर पट्टेरी मण्यारही घ्या. काळे-पिवळे जवळजवळ सारख्या रुंदीचे पट्टे, पाठीला कंगोरा, शेपटी बोथट. तिची कवड्याशी गफलत होत नाही. पण पट्टेरी मण्यार आणि पट्टेरी कवड्या ही नावे घाईत एकमेकांच्या जागी लिहिली जातात, तेवढे सांभाळा.

---

पडवी

एक प्रश्न. चाव्याच्या खुणेवरून ओळख होते का? 'दोन दात उमटले तर विषारी' असे अजून छापलेले दिसते.

---

निशाचर

नाही. कवड्याचे पुढचे काही दात लांब असतात, त्यामुळे त्याच्या चाव्यातही दोन ठळक ठिपके उमटू शकतात. उलट मण्यारीचे दात आखूड, चाव्याची खूण कधी कधी सापडतच नाही. दुखतही फारसे नाही. झोपेत चावा झाला तर माणसाला पत्ता लागत नाही. पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता-बोलता न येणे ही लक्षणे काही तासांनीही सुरू होऊ शकतात.

म्हणून रात्री पट्टे असलेला साप चावला की ओळख करत बसायचे नाही. आवळून बांधायचे नाही, कापायचे नाही. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला थेट प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यायचे. १०८ ला फोन करा. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच आहे, त्यामुळे साप पकडून नेण्याने उपचार बदलत नाहीत. लक्षणे नसली तरी किमान २४ तास देखरेखीखाली राहावे लागते. लांबून सहज फोटो मिळाला तर दाखवा, त्यासाठी थांबू नका.

---

दगडफूल

शेवटचे. रस्त्यावर मेलेले साप आणि काती यांच्याही नोंदी येतात. त्यांत शेपटीचा तळ पाहता येतो. काय काळजी घ्यावी?

---

उजेड_कमी

मेलेल्या सापाचे डोके शाबूत असेल तर हात लावू नका. मेल्यावरही काही काळ जबडा आपोआप मिटू शकतो. लांब काठीने उलटा करा, शेपटीचा तळ आणि अवस्कर द्वारावरचा (शेपटी सुरू होते तिथल्या छिद्रावरचा) खवला एकाच फोटोत घ्या. मण्यारीत तो खवला अखंड, कवड्यात दुभागलेला. गाडीखाली चिरडलेल्या सापात खवले फाटून एकेरीचे दुहेरी वाटतात, म्हणून एकाच जागी पाहू नका, सलग दहा-पंधरा खवले तपासा.

कातीत रंग जवळजवळ नसतो, गडद पट्ट्यांची पुसट छाया कधी राहते. खवल्यांची मांडणी मात्र जशीच्या तशी. सुकलेली कात तशीच उलगडली तर फाटते. आधी कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे ठेवा, मग काळ्या कागदावर पसरा. एक ध्यानात ठेवा, कात निघताना तोंडापासून उलटी होत जाते, म्हणजे आतली बाजू बाहेर आलेली असते. डावे-उजवे लिहिताना गोंधळ होतो. शेपटीखाली सलग पट्ट्या आहेत की मधून रेघ गेली आहे ते पाहा, मग पाठीची मधली ओळ. कातीची लांबी सापाची लांबी म्हणून लिहू नका, ती ताणून निघते आणि सापाहून लांब भरते. डोक्याचा भाग शाबूत मिळाला तर सोन्याहून पिवळे, त्यात लोरियल भिंगाने सरळ दिसतो.

आणि तक्त्याच्या मथळ्यावरच लिहा की नोंदीसाठी साप पकडायचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे परवानगीशिवाय ते बेकायदा आहे. घरात शिरलेला असेल तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६.